गायधनी मॅडमची पहार

श्रीमती वासंती गायधनी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात. हातात एक जळका वायरलेस सेट घेऊन त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. मी कळवण तालुक्यातल्या खेड्यातून डिप्लोमा करून आलो होतो, नोकरीचा पहिलाच दिवस होता आणि अंगावरचा इस्त्रीचा शर्ट थोरल्या भावाचा होता. मॅडमनी नाव विचारले, गाव विचारले, आणि सेटचे झाकण काढून तो माझ्या नाकाखाली धरला. करपलेल्या बेकेलाइटचा वास डोक्यात गेला. हा सेट कसा गेला असेल, असे त्यांनी विचारले. कॉलेजात शिकलो होतो तसे मी सांगून टाकले की, शेवटचा ट्रान्झिस्टर गेला असावा.

“काय गेलंय ते मलाही दिसतंय, आहेर,” मॅडम म्हणाल्या. “कोणी घालवलं ते शोधा.”

सेट घालवला होता त्याला वीज पुरवणाऱ्या सप्लायने. आमचा कारखाना लहान ताकदीचे वायरलेस सेट बनवत असे. धरणांवरच्या चौक्या, वनखात्याचे नाके, साखर कारखान्यांच्या गाड्या अशा ठिकाणी ते जात. असा सेट बारा-तेरा व्होल्टवर चालतो आणि घरातल्या दिव्याएवढीही वीज खात नाही. पण त्याचा जीवही तेवढाच. भिंतीतली वीज खाली उतरवून त्याला बेताने पाजायचे काम सप्लायचे. त्या सप्लायमध्ये जादा दाब अडवून धरणारा एक ट्रान्झिस्टर असतो. तो बिघडला की बहुतेक वेळा बंद होत नाही, दार सताड उघडे टाकून बसतो. मग सगळा दाब सेटवर येतो आणि आपल्याला कळायच्या आत सेट संपतो.

यावर मॅडमनी केलेला उपाय जगाला नवा नव्हता, आणि तो आपला शोध आहे असे त्या कधीही म्हणाल्या नाहीत. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्यांचे सर्किट सप्लायच्या दोन तारा आतल्या आत एकमेकींना भिडवून टाकी. त्याने फ्यूज उडे आणि सेट वाचे. या धंद्यात त्याला क्रोबार म्हणतात. आमच्या खात्यातल्या बायका सर्किटच्या कार्डांवर भाग जोडत, त्या त्याला सरळ ‘पहार’ म्हणू लागल्या. मॅडमची पहार बसवली का, असे एकमेकींना विचारीत. मॅडमनाही ते नाव आवडले असावे, कारण पुढे त्याही तसेच म्हणू लागल्या.

मॅडमच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला ‘मॅडमचे प्रेरणादायी कार्य’ असा विषय दिला आहे. हे कार्य मी जवळून पाहिले आहे, म्हणून तेच लिहितो. ते प्रेरणादायी वाटेल की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

मॅडमचे माहेर पंचवटीतले, घरात पौरोहित्य. खेड्याशी त्यांचा संबंध यजमानांपुरता. तरी आमच्याकडची वीज त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळली, कारण त्या स्वतः जाऊन बघत. डिझाइन करणाऱ्या माणसाने टेबल सोडायचे नसते, असा कारखान्यात अलिखित नियम होता. मॅडम महिन्यातून एकदा तरी एसटीने कळवणला, सुरगाण्याला, पेठला जात. सोबत मला नेत, कारण मला तिकडची बोली येई. शेतातले सगळे पंप एकदम बंद झाले की लाइनचा दाब कसा चढतो, वाऱ्याने न्यूट्रलची तार तुटली की दिवे आधी लखलखून उठतात आणि मग कसे फुटतात, हे त्यांनी चौक्यांमधल्या बाजांवर बसून माणसांकडून ऐकून घेतले. पुस्तकात असलेला दाब आणि कळवणातल्या खांबावरचा दाब यांचे नाते सावत्र भावंडांचे आहे, असे त्या म्हणत.

कळवणच्या वरच्या अंगाला एक लहान धरण आहे. तिथल्या चौकीत काशिनाथ महादू गावित नावाचे पहारेकरी होते. पाणी सोडायचे झाले की काशिनाथभाऊंनी सेटवरून खालच्या गावच्या चौकीला कळवायचे आणि तिथल्या माणसाने भोंगा वाजवायचा, अशी पद्धत होती. आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मॅडमनी सप्लाय उघडला, तर फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली. मला वाटले, आता बोलणी बसणार. मॅडमनी फक्त विचारले, तार का टाकली?

“फ्यूज उडला की आपिसात सांगावं लागतं,” काशिनाथभाऊ म्हणाले. “तिथं म्हणत्यात, तूच कायतरी केलं असशील. मंग फ्यूज येतो पंधरा दिसांनी. तंवर मी काय करू, ताई?”

मॅडम त्यांना लागेल असा एक शब्दही बोलल्या नाहीत. पिशवीतून मूठभर फ्यूज काढले, कागदात गुंडाळले आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दोऱ्याने बांधून ठेवले. मग चौकीतली जुनी बॅटरी पुढे ओढून त्यांनी भाऊंना शिकवले की, फ्यूज उडला तर घाबरायचे नाही, सप्लायची तार सोडायची आणि सेट सरळ या बॅटरीवर जोडायचा. लाल तार इथे, काळी तिथे. भाऊंनी ते त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा करून दाखवले. त्यानंतर कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक सप्लायच्या झाकणात जादा फ्यूज जाऊ लागले. माहितीपत्रकात ते कारखान्याचे वैशिष्ट्य म्हणून छापले गेले.

आता साहेबांविषयी लिहिले पाहिजे. आमचे त्या वेळचे कामकाज व्यवस्थापक, ज्यांना आम्ही नुसते साहेब म्हणत असू, ते आज या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मॅडमच्या खांद्यावर शाल त्यांच्या हस्ते पडलेली असेल. म्हणून त्यांचा उल्लेख टाळून हा लेख लिहिणे मला जमत नाही.

साहेबांची अडचण अशी होती की मॅडमची पहार आपले काम चोख करी. गावाकडे दाब चढला की फ्यूज उडे आणि सेट बंद पडल्याची तक्रार येई. त्या तक्रारी साहेबांच्या खात्यावर मोजल्या जात. पहार नसती तर सेट जळाला असता, पण तो ‘आकाशातली वीज पडून गेला’ या सदरात जाई आणि सेट वापरणाऱ्या सरकारी खात्याला नवा सेट विकला जाई. एका बैठकीत साहेबांनी पहार काढून टाकायचे ठरवले. मी तिथे मॅडमच्या मागच्या खुर्चीत बसलो होतो. गिऱ्हाइकाला चालू सेट हवा असतो, वाचलेला सेट नको असतो, असे साहेब म्हणाले. बाकीचे हसले. मॅडम उभ्या राहिल्या.

“बंद पडलेला सेट बॅटरीवर चालतो,” त्या म्हणाल्या. “जळालेला कशावर चालवणार आहात?”

 पुढचा विषय कॅन्टीनचा होता, तो सुरू झाला. मॅडमनी नंतरही साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन, वरच्या कचेरीत जाऊन सांगून पाहिले. तिथे त्यांना तुम्ही फार मनाला लावून घेता, असे ऐकवण्यात आले. पहार निघाली. कार्डाची छपाई बदलायला वेळ लागणार होता म्हणून कार्डे जुनीच वापरली. त्यामुळे प्रत्येक सप्लायमध्ये पहारेची जागा आखलेली असे, भागांची नावे छापलेली असत, भोके पाडलेली असत आणि त्यात काही नसे. आमच्या खात्यातल्या बायका ती कार्डे हातात घेत तेव्हा मॅडमकडे बघत नसत.

काशिनाथभाऊंच्या चौकीतला सप्लाय जुना झाला म्हणून बदलून दिला, तो असाच निघाला.

त्या वर्षी भाद्रपदात डोंगरात एका दुपारी पाऊस कोसळला. वारा होता. धरणाजवळच्या लाइनची न्यूट्रल तुटली. खालच्या चौकीतल्या माणसाने नंतर सांगितले की, वरून खरखर आली, ‘भाऊ बोलतो’ एवढे शब्द आले आणि सेट मुका झाला. त्यांना वाटले, नेहमीसारखी लाइट गेली असेल, येईल परत. वर पाणी सांडव्यावरून जाऊ लागले होते. मोबाइलचा टॉवर तालुक्याला, त्याचीही वीज गेलेली. काशिनाथभाऊंनी थोडा वेळ सेटशी खटपट केली असणार. मग चौकीचे दार ओढून घेऊन ते नदीकाठाने खाली पळत निघाले.

फरशी पुलाच्या अलीकडे बाजाराला निघालेल्या बाया थांबल्या होत्या, त्यांना भाऊंनी मागे वळवले. त्या बायांनीच पुढचे सांगितले. पलीकडच्या काठाला दोघेजण नदीतली पंपाची मोटर वर ओढत होते. भाऊंनी हाका मारल्या, वाऱ्यात त्यांना ऐकू गेल्या नाहीत. फरशीवर तेव्हा घोट्याएवढेच पाणी होते. भाऊ फरशीवरून पलीकडे निघाले आणि हात हलवत राहिले. त्या दोघांनी त्यांना पाहिले, मोटर सोडली आणि वर चढले. तेवढ्यात पाणी आले. ते दोघे वाचले. भाऊ दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर बाभळीत अडकलेले सापडले.

चौकशी नेमली गेली. चौकशीत पहिली गोष्ट ठरवायची असते ती म्हणजे दोष कोणाचा, आणि मेलेला माणूस त्यासाठी सोयीचा असतो. कारखान्याने लेखी म्हणणे दिले की, पहारेकऱ्याने बॅटरी उलटी जोडल्यामुळे सेट जळाला. भाऊंच्या खात्यालाही ते पटण्यासारखे होते. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर कामावर असताना आलेल्या मरणाच्या भरपाईचा हक्क त्यांच्या पत्नीला, हिराबाईंना, मिळणार नव्हता. मॅडमना बोलावणे आले ते कारखान्याच्या बाजूने साक्ष द्यायला. ड्रॉइंगवर त्यांची सही होती. त्यांनी काय बोलायचे हे साहेबांनी त्यांना आदल्या दिवशी समजावून सांगितले होते.

साक्षीच्या आधी मॅडमनी मला सोबत घेतले आणि त्या भाऊंच्या घरी गेल्या. जाऊ नका, असे कारखान्याच्या वकिलांनी बजावले होते. हिराबाई ओट्यावर बसल्या होत्या. मॅडम त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.  मग हिराबाईंनी विचारले, ताई, ते म्हणत्यात तसं ह्यांनी तार उलटी लावली का?

मॅडम म्हणाल्या, त्यांनी लावली नसणार, मी ते सिद्ध करीन.

“मंग खोट तुमच्या पेटीत हुती?”

“होती,” मॅडम म्हणाल्या. “सेट वाचवणारी वस्तू तिच्यातून काढून टाकली होती. मला ते थांबवता आलं नाही.”

हिराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि इतकेच म्हटले, “मंग आता इथं येऊन काय उपेग?”

मॅडमनी मान खाली घातली.  या प्रसंगात मायेचे दोन शब्द, डोळ्यांतले पाणी असे काही असते तर हा लेख गौरवग्रंथात शोभला असता. तसे काही झाले नाही. हिराबाईंचा प्रश्न रास्त होता.

चौकशीच्या टेबलावर मॅडमनी सेट उघडला, सप्लाय उघडला आणि अगदी शांतपणे दाखवले. बॅटरीच्या तारा सेटला घट्ट आणि सरळ जोडलेल्या होत्या; लाल जागी लाल, काळ्या जागी काळी. तार उलटी लागली असती तर तिच्यातला लहान फ्यूज उडाला असता. तो शाबूत होता. म्हणजे काशिनाथ गावितांनी शिकवले होते तसेच सगळे केले होते, पण ते बॅटरी जोडत होते तेव्हा सेट आधीच मेला होता. त्याला मारणारा ट्रान्झिस्टर सप्लायमध्ये तसाच होता, दार सताड उघडे टाकून. शेवटी त्यांनी कार्डावरची रिकामी भोके दाखवली आणि इथे काय असायला हवे होते ते सांगितले. काढायचा निर्णय कोणाचा, असे विचारल्यावर त्यांनी साहेबांचे नाव घेतले. साहेब समोरच बसले होते.

निकाल आला. पहारेकऱ्याचा दोष नाही, एवढे त्यात स्पष्ट होते, आणि हिराबाईंचा हक्क वाचला. रिकाम्या भोकांविषयी एक ओळही नव्हती. कारण म्हणून ‘नैसर्गिक आपत्ती’ असे लिहिले होते.

त्यानंतर मॅडमची बदली भांडारात झाली. ज्या बाईंनी कारखान्याची निम्मी सर्किटे आखली होती, त्या निवृत्त होईपर्यंत स्क्रू आणि वॉशर मोजून देत राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी बसायला माणसे कचरू लागली. मी चिडून राजीनामा द्यायला निघालो तेव्हा त्यांनी मला खाली बसवले आणि विचारले की, तुम्ही गेल्यावर त्या खात्यात पहार म्हणजे काय हे माहीत असलेला कोण उरेल? मी राहिलो. काही काळाने बाहेर फार बोभाटा होऊ नये म्हणून पहार गुपचूप पुन्हा बसवण्यात आली. ‘ग्राहकांच्या सुरक्षेसाठी व्यवस्थापनाचे क्रांतिकारी पाऊल’ असे तिचे वर्णन झाले, सुरक्षिततेसाठी कारखान्याला पुरस्काराची एक ढाल मिळाली आणि ती स्वीकारायला साहेब व्यासपीठावर गेले. मॅडमना निमंत्रण नव्हते. त्या दिवशी भांडारात वार्षिक मोजदाद होती.

याच ग्रंथात अन्यत्र साहेबांचा लेख आहे. त्याचा मसुदा मी वाचला आहे. व्यवस्थापनाने मॅडमच्या प्रतिभेला सतत मुक्त वाव दिला, असे त्यात म्हटले आहे. माझ्या लेखाची भाषा थोडी मवाळ करावी, मंगल प्रसंगी कटुता नको, असे मला संपादकांनी प्रेमाने सुचवले. मी तो वाचून दाखवायला मॅडमकडे गेलो. निवृत्तीनंतर त्यांनी नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दुरुस्तीचे छोटे दालन घेतले आहे. खाली दिवसभर ट्रक आणि रिक्षांचा गोंगाट, वर त्या आणि त्यांनी शिकवलेल्या दोघी मुली. हौशी रेडिओवाले, कॉलेजांची छोटी रेडिओ केंद्रे, शेतकी सल्ला देणारे वायरलेसवाले असे सगळे बिघडलेले सप्लाय घेऊन तिथे येतात. माणसाने मागो न मागो, त्यात पहार घातल्याशिवाय मॅडम तो परत देत नाहीत. कोणी तक्रार केली की आधी फ्यूज सारखा उडत नसे, तर त्या म्हणतात, आता उडेल.

मॅडमनी माझा लेख पूर्ण ऐकला. साहेबांविषयीचा भाग आला तेव्हा त्या हातातले जोडकाम करत राहिल्या. हिराबाईंच्या ओट्याचा भाग आला तेव्हा त्यांनी हातातला सोल्डरिंगचा दांडा खाली ठेवला. संपल्यावर मी विचारले, मॅडम, त्यांच्या हातून शाल का घेता? नाही म्हणा.

तेव्हा मला कळले की त्यांनी समितीला एकच अट घातली होती. आपल्याविषयी कोणी काही बोलण्याआधी काशिनाथ गावितांचे नाव घेऊन सभेने दोन मिनिटे उभे राहावे. समितीने ती नम्रपणे नाकारली. अभीष्टचिंतनाच्या समारंभात श्रद्धांजली अशुभ दिसेल, असे कळवले.

“म्हणून जाणार आहे,” मॅडम म्हणाल्या. “शाल घातल्यावर सत्काराला उत्तर द्यायला माइक माझ्याच हातात येतो ना.”

साहेबांना हे आत्ता कळत असेल तर त्याचे मला वाईट वाटत नाही. ग्रंथ समारंभातच प्रकाशित होणार असल्याने कदाचित उशीर झालेला असेल.

आता रिवाजाप्रमाणे शुभेच्छा. मॅडम, तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांच्या वतीने मी तुम्हाला उत्तम प्रकृती आणि दीर्घ आयुष्य चिंतितो. तुमची नजर शाबूत राहो, हात स्थिर राहो, द्वारकेचा तो जिना चढायची ताकद टिकून राहो. काशिनाथभाऊंना साठीही पाहता आली नाही. ज्यांनी त्या कार्डावरची जागा रिकामी ठेवली, ते सारे सुखरूप आहेत, ठणठणीत आहेत आणि व्यासपीठावर बसले आहेत. त्यांच्यातला शेवटचा माणूस असेपर्यंत, आणि त्यानंतरही, खरे काय झाले ते सांगायला तुम्ही असाव्यात, एवढेच मागणे आहे.